करू द्या त्यांचं त्यांना

मी गटांची समन्वयक. एरवी माझं बोलणं म्हणजे हप्ता, व्याज, पासबुक आणि बैठकीची नोंदवही. आज त्यातलं काही नाही. सहामाही परीक्षा संपत आल्यात, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. म्हणून आज बोलायचं आहे ते मुलांना बरोबर घेऊन हातानं काहीतरी करण्याबद्दल. कागदाचं, मातीचं, कडब्याचं. शाळेच्या भाषेत ज्याला हस्तकला म्हणतात ते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं एवढा वेळ? खरं आहे. पण वेळ आपला जातोच आहे. शाळेतून मूल सांगत येतं, “आई, उद्या प्रकल्प न्यायचाय.” रात्री आठला हे कळतं. मग कुणीतरी गाडीवर जाऊन दुकानातनं रंगीत कार्डशीट, चमकी, गोंदाची बाटली आणतं. शंभराची नोट जाते. जेवणं उरकल्यावर आई दिव्याखाली बसून ते घर नाहीतर ते झाड चिकटवते, आणि मूल शेजारी झोपून जातं. सकाळी ते काम शाळेत जातं, त्याला शेरा मिळतो, “छान”.

आता सांगा, हा शेरा कुणाला मिळाला? आपल्याला. मुलाला आतून पक्कं ठाऊक असतं की यातलं माझं काहीच नाही. असं दोनचारदा झालं की ते म्हणायला लागतं, “मला नाही येत, तूच कर.” मैत्रिणींनो, पैसे गेले ते पुन्हा येतील. पण सात-आठ वर्षांच्या लेकरानं “मला येत नाही” असं म्हणून हात आखडता घेतला, तर तो हात पुन्हा पुढं आणायला फार दिवस लागतात. म्हणून आज मी जे काही सांगणार आहे, त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. काम मुलाच्या हातचं राहिलं पाहिजे. वाकडं झालं तरी चालेल.

हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तुम्ही ऐकली असतील. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी गावात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. पुढं दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. त्या वेळी बालशिक्षणाचं साहित्य महाग होतं, खेड्याला परवडणारं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? बिया, शंख-शिंपले, पानं, फुलं, खडे, अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू घेतल्या आणि त्यावरच मुलांना मोजायला, जुळवायला, मांडायला शिकवलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज आपल्या गावात अंगणवाडी आहे, त्या नावात ते अंगण आहे. आपल्याच पुण्यातले अरविंद गुप्ता काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतनं विज्ञानाची खेळणी करायला शिकवत आले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा घरातल्या टाकाऊ वस्तूंतनं केलेलं काम हलकं, आणि दुकानातल्या चमकीचं काम भारी, असं मनात आणू नका.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, सामान.

घरात एक जुनी पिशवी नाहीतर बिस्किटाचा पत्र्याचा डबा मुलांच्या कामासाठी बाजूला काढा. त्यात जमेल तसं टाकत जा. जुनी कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिका, काड्यापेट्या, साडीच्या खोक्यातला पुठ्ठा, शिंप्याकडच्या चिंध्या, सुतळी, लोकरीचे तुकडे, फुटक्या नव्हे तर अख्ख्या जुन्या बांगड्या, चिंचोके, मक्याच्या कणसाची सोलपटं, गळून पडलेली पिसं. पिसं गरम पाण्यात साबण घालून धुवायची आणि उन्हात वाळवायची. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, आकार कापायला फार उपयोगी. कॅलेंडरचा कागद गुळगुळीत असतो, घडी छान बसते.

या पिशवीत काय टाकायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. जरा कान देऊन ऐका. फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या आणि त्यांची झाकणं कितीही धुतली तरी घ्यायची नाहीत. खताची गोणी मुलांना बसायलासुद्धा अंथरायची नाही. बियांमध्ये गुंजा दिसायला फार सुरेख, लाल नि काळ्या, पण विषारी. एरंडाच्या बिया विषारी. धोतरा आणि कण्हेर तर तुम्हाला माहीतच आहे. सीताफळाच्या बिया फोडायच्या नाहीत, तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. खेळण्यातले, घड्याळातले ते चपटे, बटणासारखे सेल मुलांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. मुलानं असा सेल गिळल्याची नुसती शंका जरी आली, तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणि तीन वर्षांच्या आतल्या लेकराजवळ चिंचोका, हरभरा, मणी असलं बारीक काही ठेवायचं नाही. नाकात हरभरा गेला तर तो ओलसरपणानं फुगतो. तो आपण काडीनं काढायला जायचं नाही, आणखी आत सरकतो. डॉक्टरांकडंच न्यायचं.

दुसरी गोष्ट, खळ. गोंदाची बाटली विकत आणायची गरज नाही. एक वाटी मैदा घ्या. नसेल तर वस्त्रगाळ केलेलं गव्हाचं पीठ चालतं. ते एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दुसरीकडं तीन वाट्या पाणी उकळा. उकळत्या पाण्यात कालवलेलं पीठ हळूहळू ओता, मंद आचेवर ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत ती दाट होते, चमकायला लागते. उतरवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच मुलांना द्या. झाकून ठेवली तर दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्यायची.

जुन्या माणसांना आठवत असेल, खळीत मोरचूद घालायचे. कीड लागू नये म्हणून पोथ्या बांधणारे, जाहिराती चिकटवणारे घालत. मुलांच्या खळीत मोरचूद चुकूनही नको. ते विष आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातातच. खळ थोडी थोडी करा, म्हणजे टिकवायचा प्रश्नच येत नाही. आणखी एक, खळ बोटानंच लावायला द्या, पण कमी. मुलं ओंजळभर लावतात आणि मग कागद भिजून सुरकुततो. “मुगाच्या दाण्याएवढी” असं सांगितलं की त्यांना बरोबर समजतं.

रंगसुद्धा घरात आहेत. हळद, गेरू, चुलीतला कोळसा, बिटाचं पाणी, पालकाचा रस. हळदीचं पाणी कागदावर लावून वाळवलं आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीनं लिहिलं, की अक्षरं लाल उमटतात. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, हे आपण रोज धुण्यात बघतो. मुलांना ती जादू वाटते. चुना मात्र रंग म्हणून वापरायचा नाही. डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

तिसरी गोष्ट, कोणत्या वयाला काय द्यायचं. बहुतेक रडारड इथंच होते. मूल चारचं असतं आणि आपण आठचं काम देतो.

दीड ते तीन वर्षांच्या लेकराला कागद फाडायला द्या. हो, नुसता फाडायला. त्यात दोन्ही हातांची बोटं एकमेकांविरुद्ध ओढायला शिकतात. कणकेचा गोळा द्या, फरशीवर खडूनं रेघोट्या ओढू द्या. आपण हाताच्या अंतरावर बसायचं. तीन ते पाचच्या मुलाला चिकटवायला द्या, जुन्या बांगड्या सुतळीत ओवायला द्या, भाजीचे ठसे उमटवायला द्या. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा मिळतो. कांदा अर्धा कापला की एकात एक गोल कडी. ठशासाठी निबर, टाकून द्यायची भेंडी घ्या, म्हणजे भाजीही वाया जात नाही. सहा ते आठला बोथट टोकाची कात्री, कागदाच्या घड्या, माती, पट्ट्यांची वीण. नऊच्या पुढं मोजून आखणं, सुई-दोरा, आपला आपण आराखडा काढणं. ब्लेड मात्र लहान मुलांच्या हाती नकोच. ब्लेडचं काम असेल तर ते आपण आधीच करून ठेवायचं.

कात्री शिकवायची एक युक्ती सांगते. सुरुवातीला बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो आणि मुलाला हुरूप येतो. अंगठा वर राहील असं धरायला शिकवा. वळण कापताना कात्री वळवायची नाही, दुसऱ्या हातानं कागद फिरवायचा. कात्री घेऊन बसूनच काम करायचं, उठायचं असेल तर आधी खाली ठेवायची. मूल डावखुरं असेल तर उजव्या हाताची सक्ती करू नका. एखाद्या लेकराच्या एका हातात ताकद कमी असेल तर कागदावर वरवंटा नाहीतर जड दगड ठेवा. कागद हलत नाही आणि ते दुसऱ्या हातानं आपलं काम करतं. त्याच्या वाटचं काम दुसऱ्यानं करून देऊ नये.

चौथी गोष्ट, बसवायचं कसं. लहान मुलांना वीस मिनिटं पुरे, मोठ्यांना पाऊण तास. पोट भरलेलं असावं. जेवणाआधी भुकेल्या पोरांना बसवलं तर भांडणच होणार. जुनं पोतं नाहीतर साडी अंथरा. प्रत्येकाच्या पुढं एक ताट ठेवा आणि ज्याचं सामान त्याच्या ताटात. अर्धी भांडणं तिथंच मिटतात. कात्री एकच असेल तर पाळी ठरवून द्या, आणि बाकीच्यांना तोवर फाडायचं, दुमडायचं काम द्या. पाण्याची टंचाई असेल तर सगळ्यांचे हात एकाच घमेल्यात धुवा. पाण्यात नुसती माती नाहीतर हळद असेल तर ते झाडाच्या बुडाला ओता. शेवटची पाच मिनिटं आवरण्याची. पसारा आईनं आवरायचा नाही, तोही कामाचाच भाग.

आता पाचवी गोष्ट. ही सगळ्यांत अवघड, कारण ही मुलांची नाही, आपली आहे. आपले हात आवरायचे. मुलाच्या कामाला आपण बोट लावायचं नाही. कसं करायचं ते दाखवायचं असेल तर आपल्या वेगळ्या कागदावर, वेगळ्या मातीवर एकदा दाखवा आणि मग आपलं मोडून टाका. समोर आईचा सुबक बैल उभा राहिला की मुलाला आपला बैल कुत्र्यासारखा दिसायला लागतो. आपला मोडला की समोर फक्त त्याचा राहतो.

बोलण्याचंही तसंच. “हे काय केलंस?” असं विचारू नका. “मला सांग की यातलं” असं म्हणा. मग ते सांगतं, हा आपला गोठा, ही बाबांची मोटारसायकल, ही आजी. आपल्याला ज्या रेघोट्या वाटल्या त्यात अख्खं घर असतं. उगाच “लई भारी” असंही म्हणत सुटू नका. नीट बघा आणि जे दिसलं ते सांगा. “चाकं दोन्ही सारखी कापलीस”, “पाय मोडला तर तू परत जोडलास.” मुलाला कळतं की आईनं खरंच बघितलं. मोडलं तर लगेच सांत्वन करायला धावू नका. “आता काय करता येईल?” असं विचारा आणि थोडं थांबा. थांबणं जमलं की बाकीचं जमतं.

आता या सुट्टीत करण्यासारखी तीन कामं सांगते.

पहिलं, मातीचं. आपल्याकडं बेंदराला मातीचे बैल होतात, काही गावांत पोळ्याला होतात. दिवाळीत किल्ला होतो. मग किल्ल्यावरचे मावळे विकत कशाला आणायचे? शेतातली माती आणा, खडे काढून जुन्या चाळणीनं चाळा, रात्रभर भिजत घाला. सकाळी भाकरीच्या पिठासारखी मळा. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात थोडी बारीक वाळू मिसळा. मळलेली माती ओल्या पोत्याखाली ठेवा. मुलांना सांगा, पाय बारीक करू नका, जाड ठेवा, नाहीतर अंगाच्या भारानं बसतात. शिंग, शेपूट, हात जोडताना दोन्हीकडं काडीनं ओरखडे काढायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. नुसतं चिकटवलं तर वाळल्यावर गळून पडतं. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलं की वरून वाळतं, आतून ओलं राहतं, आणि चिरतं. पणत्या केल्या तर एवढं लक्षात ठेवा, कच्च्या मातीत तेल झिरपतं. मुलांच्या पणत्या किल्ल्यावर शोभेला ठेवा, आणि पेटवायला भाजलेल्याच वापरा. गावात कुंभारदादांची भट्टी असेल तर त्यांना विचारून मुलांच्या पणत्या त्यांच्या भट्टीत भाजून घेता येतात. तेवढ्या निमित्तानं भट्टी कशी लागते तेही मुलं बघतील.

दुसरं, कडब्याची बैलगाडी. ही आपल्या आजोबांच्या वेळची. ज्वारीचं वाळलेलं सरळ धाट घ्यायचं. काळं पडलेलं, बुरशी आलेलं नको. गंजीतून धाट काढायला मुलांना पाठवू नका, तिथं विंचवा-सापाची भीती असते. मोठ्या माणसानं काठीनं हलवून, बघून काढायचं. वरची कडक सालही मोठ्यानंच सोलायची, कारण तिची कड पात्यासारखी बोट कापते. आतला मऊ गाभा मुलांना द्यायचा. तो हलका असतो, त्यात काडी सहज घुसते. वीतभर लांबीचे दोन तुकडे समोरासमोर ठेवायचे, मध्ये सालीच्या तीन-चार काड्या आडव्या खोचायच्या, झाली गाडीची साटी. सालीच्या काड्यांच्या कडा आधी दगडावर घासून बोथट करा. खालून एक काडी आरपार घालायची, तिच्या दोन टोकांना गाभ्याच्या गोल चकत्या, ती चाकं. खळ लागत नाही, खिळा लागत नाही. चाक फिरत नसेल तर भोक काडीपेक्षा किंचित मोठं हवं, हे मुलाला स्वतः शोधू द्या. ते शोधल्यावर त्याच्या तोंडाकडं बघा.

तिसरं, कागदाचा कंदील. कॅलेंडरचं पान लांबीला अर्ध्यात दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून कापायला सुरुवात करायची, बोटभर अंतरानं, आणि समोरच्या कडेला दोन बोटं राहिली की थांबायचं. पान उघडा, गोल करा, कडेला खळ लावा. वरून हलकं दाबलं की पाकळ्या फुगतात. वर पट्टीचा कान, खाली झिरमिळ्या. यात पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवायची नाही, कागद पेट घेतो. नुसता टांगायचा. थर्माकोल घेऊच नका. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. तो मातीत कुजत नाही आणि जनावरांच्या पोटात गेला तर त्रास देतो.

झालेलं काम कुठं ठेवायचं? शोकेस लागत नाही. भिंतीवर सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यानं कागद लावा. मागच्या बाजूला मुलाचं नाव आणि तारीख त्यालाच लिहू द्या. वर्षभरानं तेच बघून म्हणतं, “अगं आई, मी तेव्हा असं काढत होतो.” आपण वाढलो, हे त्याला आपलं आपण कळतं.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. घरात दोन मुलं कामाला बसली आणि बाहेरून हाक आली की उठावं कुणी लागतं? बहुतेक घरांत मुलीलाच. “पाणी आण”, “बाळाला घे”, “चहा टाक.” भावाची गाडी पूर्ण होते आणि तिची अर्धी राहते. ती काही बोलत नाही, पण अर्धंच सोडायची तिला सवय लागते. मोठेपणी गटाच्या बैठकीत “मला काय समजतं, तुम्हीच ठरवा” असं म्हणणाऱ्या कितीजणी आपण बघतो. ही सवय कुठून लागली असेल, याचा विचार करा. एवढंच करा, त्या अर्ध्या-पाऊण तासात तिला हाक मारायची नाही. फारच अडलं तर दोघांना पाळीपाळीनं उठवा. आणि मुलाला सुई-दोरा द्या, मुलीला हातोडी द्या. बटण लावायला आलं म्हणून मुलाचं काही बिघडत नाही.

आता आपल्या गटानं काय करायचं ते सांगते. महिन्याच्या बैठकीला आपण लहान मुलं घेऊन येतो. हिशोब चालू असतो, मुलं पदर ओढतात, रडतात, आणि आपण दटावतो. त्याऐवजी गटाच्या पेटीबरोबर एक पिशवी आणा. तीच पिशवी, कागद, चिंध्या, खळ, खडूची. दर बैठकीला एकीची पाळी लावा. तिनं सही आणि हप्ता आधी उरकायचा आणि देवळाच्या सावलीत मुलांना घेऊन बसायचं. मात्र गटाचा निर्णय घ्यायची वेळ आली की तिला बोलवायचं, तिचं मत राहता कामा नये. खर्च काही नाही. अंगणवाडी सेविका ताईंना सांगितलं तर त्याही चार गोष्टी सुचवतील.

आणि शेवटचं, शाळेचं. प्रकल्प आईच्या नाहीतर दुकानाच्या हातचा होतो, त्यात शिक्षकांचाच दोष आहे असं नाही. त्यांच्यापुढंही वर्गात अनेक मुलं असतात, वरून सूचना असतात. पण बोलायची जागा आपल्याकडं आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो की जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात पाऊण हिस्सा पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्यात. म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी तिथं बसतात. नुसती सही करून येऊ नका. तीन गोष्टी मांडा. प्रकल्प एक आठवडा आधी सांगावा. घरात आणि शिवारात मिळणाऱ्या वस्तूंचाच सांगावा, विकतचं सामान आणायला लावू नये. आणि होईल तितका वर्गातच करून घ्यावा, म्हणजे ज्या घरी आई रात्री उशिरा कामावरून येते, त्या लेकराचं कामही इतरांइतकंच त्याचं असेल. शांतपणे, नीट मांडलं तर चांगले शिक्षक ऐकतात. त्यांनाही खरं काम बघायला आवडतं. वाकड्या घराला शेरा द्यायला सांगा, पण ते घर मुलानं बांधलेलं असू द्या.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात फक्त तीन कामं करा. एक, पिशवी काढून ठेवा. दोन, वाटीभर पिठाची खळ शिजवा. तीन, मुलांना बसवा आणि आपले हात पदराखाली ठेवा. त्यांना अडलं की ती विचारतील. विचारलं तेवढंच सांगा.

सुट्टी सुखाची जावो. पुढच्या वेळी कर्जाच्या हप्त्याचा हिशोब घेऊन मी परत येईन, तेव्हा कुणाच्या घरी गाडीची चाकं फिरली ते मला जरूर सांगा. नमस्कार.